शून्य किमतीची चित्रे

कचेरीत दरवर्षी एकदा जुन्या फायलींची छाननी निघते. कोणती फाइल कायम ठेवावयाची, कोणती काही वर्षे आणि कोणती नष्ट करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार वरिष्ठांचा. परंतु प्रत्यक्ष शेरा लिहितो तो कारकून. दिल्लीत आल्यापासून अकरा वर्षे मी तो लिहीत आलो आहे. वाचकांपैकी अनेकांनीही लिहिला असेल, आणि लिहिताना कोणाचा हात अडखळल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यंदाच्या हिवाळ्यात एका रात्री, रजई पांघरून, युक्रेनच्या आधुनिक कलेवरील एका व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण मी ऐकत होतो. चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. झोप येईपर्यंत काहीतरी ऐकावे, एवढाच हेतू. पण बोलणे कीवच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील एका नोंदवहीकडे वळले आणि मी उठून बसलो.

१९३७ ते १९३९ या काळात त्या संग्रहालयात ‘स्पेत्सफोंद’, म्हणजे विशेष संग्रह, असा एक विभाग निर्माण झाला. नाव किती निरुपद्रवी! युक्रेनमधील निरनिराळ्या संग्रहालयांतून काढून घेतलेली चित्रे तेथे जमा होत गेली. त्यांचे चित्रकार कोणी ‘लोकशत्रू’ ठरलेले, कोणी ‘रूपवादी’. त्यांतील मिखाइलो बोइचुक याने बायझंटाईन भित्तिचित्रांची आणि लोककलेची परंपरा नव्या शतकाच्या भिंतींवर आणली होती. १३ जुलै १९३७ रोजी त्याला आणि पादाल्का व सेद्ल्यार या त्याच्या शिष्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच डिसेंबरात त्याची पत्नी सोफिया नालेपिन्स्का हिलाही. ती स्वतः चित्रकार होती. त्यांची भित्तिचित्रे बहुतेक सारी नष्ट झाली. भिंत कपाटात लपविता येत नाही. कापडावरचे चित्र मात्र गुंडाळून ठेवता येते.

या संग्रहातील चित्रांना ‘शून्य’ श्रेणी मिळाली. शून्य म्हणजे कलामूल्य नाही, नष्ट करण्यास हरकत नाही. तरीही ती राहिली. याला कोणी धैर्य म्हणेल, आणि ते असेलही. मला मात्र त्यात आपल्या पेशातील जुनी चालढकलही दिसते. शेरा सगळे लिहितात, शेवटची सही कोणालाच करावयाची नसते! कारण काहीही असो, २०१५ मध्ये त्याच संग्रहालयाने त्याच नावाने या संग्रहाचे प्रदर्शन भरविले, आणि शून्य किमतीची चित्रे भिंतीवर लागली.

पुढे युद्ध आले. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी कीववर क्षेपणास्त्रांचा वर्षाव झाला, त्याच्या काही तास आधी पन्नासाहून अधिक चित्रे गाड्यांत घालून शहराबाहेर निघाली होती. महिनाअखेर माद्रिदला त्यांचे प्रदर्शन उघडले. पुढे ते लंडनपर्यंत गेले. त्यातील बोहोमाझोव्हचे १९२७ चे एक चित्र मी पडद्यावर कितीतरी वेळ पाहिले. माणसे करवतींना धार लावीत आहेत, एवढेच. पण लाकडे नारिंगी रंगाने पेटल्यासारखी!

ते पाहत असताना मला आठवत होत्या त्या एक वृद्ध बाई. तीन वर्षांपूर्वी कचेरीत आल्या होत्या. यजमान शिपाई होते, निवर्तले होते. त्यांच्या नोकरीतील तीन वर्षांचा खंड भरून काढणारा एक कागद त्यांना हवा होता. फाइल क्रमांक त्यांनी पदराच्या गाठीतून काढून दिला. मी नोंदवही पाहिली. दोनच महिन्यांपूर्वी ती फाइल गेली होती, आणि समोरचा शेरा माझ्या अक्षरात होता.

“माताजी, ती फाइल नष्ट झाली,” मी हिंदीत सांगितले.

“कुणी केली?” त्यांनी विचारले.

“नियमाप्रमाणे होते,” मी म्हणालो. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली. त्या गेल्यावर मी चहा मागविल्याचेही मला स्पष्ट आठवते.

व्याख्यान केव्हा संपले ते कळले नाही. यंदाची छाननी सोमवारपासून आहे. गठ्ठे आजच माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवले आहेत; सर्वांत वरच्या फायलीचे बंद मी सोडले, आतले पहिले पान वाचले, आणि पुन्हा बांधून ठेवले.