करुणाचे आलंबन आणि प्रेक्षकाचे अश्रू

१

करुण रसापासून आनंद का व्हावा, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुनःपुन्हा विचारला आहे. उत्तरे निरनिराळी मिळाली. परंतु त्या सर्वांमागे एक गृहीत समान होते. ज्या व्यक्तीविषयी करुणा वाटते तिचे दुःख, निदान कलाकृतीच्या विश्वापुरते तरी, खरे असते, हे ते गृहीत. हे गृहीतच कलाकृतीने मागाहून काढून घेतले, तर आधी गाळलेल्या अश्रूंचे काय करावयाचे? माझ्यापुढे हा प्रश्न एखाद्या ग्रंथाच्या वाचनाने उभा राहिला नाही. एका कोरियन चित्रमालिकेच्या एका भागाला माझ्या भोवतालच्या माणसांनी दिलेल्या प्रतिसादांमुळे तो उभा राहिला, म्हणून त्याची मांडणीही त्या प्रतिसादांपासूनच करतो.

ह्वांग डोंग-ह्योक लिखित व दिग्दर्शित ‘स्क्विड गेम’चे पहिले पर्व १७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाले. कर्जात बुडालेली ४५६ माणसे लहान मुलांचे खेळ खेळतात. हरणाऱ्यास ठार मारले जाते आणि अखेरच्या विजेत्यास ४५६० कोटी वोन मिळावयाचे असतात. नऊ भागांच्या या पर्वातील सहावा भाग ‘गान्बू’ या नावाचा आहे. खेळाडूंना जोड्या करावयास सांगितले जाते. आदल्या खेळात संघ होते. त्यामुळे येथेही जोडीदार हा आपल्याच बाजूचा असणार असे समजून प्रत्येकजण आपले सर्वांत जवळचे माणूस निवडतो. मग कळते की ज्याला निवडले त्याच्याशीच गोट्या खेळावयाच्या आहेत. प्रत्येकाजवळ दहा गोट्या, अर्ध्या तासाची मुदत, आणि बळजबरी न करता दुसऱ्याच्या सर्व गोट्या मिळवावयाच्या. जो हरेल तो मरेल.

‘गान्बू’ म्हणजे ज्याच्याशी गोट्या वाटून घ्याव्यात आणि ज्याच्याशी तुझे-माझे करू नये असा खेळगडी. मराठीत याला ‘भिडू’ हा शब्द जवळजवळ तयारच आहे. ‘भिडणे’ या क्रियापदात जवळ येऊन टेकणे आणि अंगावर जाऊन झुंजणे हे दोन्ही अर्थ नांदतात. या भागाची सारी रचना त्या दोन अर्थांमधील अंतरावर उभी आहे. नायक गी-हुन आणि म्हातारा इल-नाम जो खेळ खेळतात तोही आपल्याकडे अपरिचित नाही. तो एकी-बेकीचा खेळ आहे. मुठीत किती गोट्या आहेत हे सांगावयाचे नाही, संख्या सम की विषम एवढेच ओळखावयाचे.

२

प्रतिसादांकडे वळण्यापूर्वी घटनाक्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. गी-हुन हरत आलेला असतो. म्हाताऱ्याची स्मृती दगा देऊ लागली आहे असे त्याच्या ध्यानात येते. आपण ‘एकी’ म्हटले होते की ‘बेकी’, हे म्हातारा विसरताच गी-हुन त्याचे उत्तर बदलून सांगतो आणि डाव जिंकतो. पुढे तसाच जिंकत जातो. म्हाताऱ्याजवळ एकच गोटी उरते. तेव्हा तो सर्व गोट्यांवर एक डाव लावावयास सुचवतो. हे अगदीच अन्यायाचे आहे असे गी-हुन म्हणतो. त्यावर, मला फसवून माझ्या गोट्या घेतल्यास ते मात्र न्यायाचे होते काय, असे म्हातारा शांतपणे विचारतो. मग आपण भिडू आहोत ना, म्हणून तो शेवटची गोटी त्याच्या हाती देतो. गी-हुन रडत दूर जातो. गोळीचा केवळ आवाज ऐकू येतो.

नवव्या भागात उलगडा होतो की म्हातारा मेलेला नव्हता. या संहारक खेळाचा जनकच तो होता आणि मौज म्हणून खेळाडूंत मिसळला होता. त्याचा मेंदूचा आजार खरा. विस्मरण किती खरे होते हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही.

साहित्यशास्त्राच्या तासाला रसविचार चालू असताना विद्यार्थ्यांनीच हा विषय काढला. त्यांच्या प्रतिक्रियांचे स्थूलमानाने दोन गट पडले. पहिल्या गटाचे म्हणणे असे की आमची फसवणूक झाली. ज्याच्यासाठी आम्ही रडलो तो जिवंत होता, एवढेच नव्हे तर तोच मारेकरी होता. तेव्हा ते अश्रू वाया गेले. दुसऱ्या गटाने तो भाग पुन्हा पाहिला होता. गोळी लागलेली दाखवलेली नाही, प्रेत दाखवलेले नाही, अशा खुणा त्यांनी वेचून काढल्या होत्या आणि त्यांना आता रडू येत नव्हते. रचनेचे कौतुक वाटत होते. वरवर पाहता हे गट परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोघांचेही गृहीत एकच आहे. आपल्या करुणेचे आलंबन म्हाताऱ्याचा मृत्यू हे होते, असे दोघेही मानतात. मृत्यू खोटा ठरला म्हणून एक गट रागावला आणि दुसरा चकित झाला, एवढाच भेद.

या ठिकाणी रसाभासाची चर्चा उपयोगी पडते. रावणाच्या सीतेवरील प्रेमाचा दाखला घेऊन अभिनवगुप्त ‘लोचना’त जे सांगतो त्याचा आशय असा, की तन्मयतेच्या अवस्थेत आस्वाद रतीचाच असतो, मागचा-पुढचा संदर्भ जुळवून पाहिल्यावर, पौर्वापर्याचा विवेक झाल्यावर, तो शृंगार नसून शृंगाराचा आभास आहे असे ध्यानात येते. शिंपीच्या ठिकाणी चांदी भासावी तसे हे आहे. आस्वादाचा क्षण आणि विवेकाचा क्षण यांत अभिनवगुप्ताने केलेला हा भेद आपल्या प्रश्नाला फार जवळचा आहे. फरक इतकाच की रावणाविषयीचे ज्ञान प्रेक्षकाजवळ आधीपासूनच असते. येथे ते तीन भागांच्या पलीकडे दडवून ठेवले आहे. तेव्हा विद्यार्थ्यांच्या पहिल्या गटाला शास्त्राधारे एवढे सांगता येते, की विवेकाने आस्वाद पुसला जात नाही, तो केवळ निराळ्या नावाने ओळखला जातो. पण एवढ्याने माझे समाधान झाले नाही, कारण मुळात आलंबन कोणते हा प्रश्न तसाच राहतो.

३

त्याचे उत्तर मला एका तिसऱ्या प्रतिसादात सापडले. तो साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाचा नाही, माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. आमच्या आईला शेवटच्या काही वर्षांत विस्मरणाने घेरले होते आणि तिची देखभाल मुख्यतः बहिणीनेच केली. वडील कधीच निवर्तले होते. आई मात्र रोज तिन्हीसांजेला त्यांची वाट पाहत असे. ते बँकेत गेले आहेत, येतीलच, असे तिला सांगावे लागे. ज्या घरात असे म्हातारपण आहे त्या घरात असे सांगणे हा दैनंदिन व्यवहाराचाच भाग असतो.

हा भाग आम्ही एकत्र पाहत होतो. गी-हुनने म्हाताऱ्याचे उत्तर पहिल्यांदा बदलून सांगितले, तेव्हाच ती उठून आत गेली. गोळीचा आवाज तिने ऐकलाच नाही. पुढे शेवटच्या भागातील रहस्य मी तिला सांगितले, तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, “म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मग तर जास्तच वाईट.” नंतर तिने आईची एक आठवण सांगितली, जी मी विसरून गेलो होतो. एका संध्याकाळी वडील येतीलच असे सांगितल्यावर आई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही म्हणताय, तर येतील.”

या प्रतिसादात मृत्यूला स्थानच नाही. बहिणीच्या दृष्टीने जे घडावयाचे ते गोळीपूर्वीच घडले होते. ज्याच्यावर विसंबावे त्यानेच आपल्या विस्मरणाचा लाभ घेतला, हे ते घडणे. म्हातारा हा कोण आणि पुढे जगला की मेला, याने त्या घटनेत काहीही उणे होत नाही. उलट त्याला सारे ठाऊक होते हे कळल्यावर, त्याने विचारलेला न्यायाचा प्रश्न अधिकच खडा होतो. तेव्हा या भागातील शोकाचे आलंबन म्हाताऱ्याचा प्राण नव्हे. ते भिडूपण आहे. सहाव्या भागात मरते ते भिडूपण, आणि नवव्या भागात म्हातारा जिवंत झाला तरी ते जिवंत होत नाही. येथे रसाभास नाही, कारण शिंपी दाखवून चांदी भासवलेली नाही; चांदी खरी होती, ती कोठे आहे हे प्रेक्षकाने दुसरीकडे शोधले.

४

या निष्कर्षाची परीक्षा त्याच भागातील दुसऱ्या जोडीवर करता येते. अली हा पाकिस्तानातून आलेला कामगार. मालकाने त्याचे वेतन थकवले आहे, हाताची बोटे कामावर गेली आहेत. ही भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली, ज्यांनी अभिनयाचे शिक्षण सोलमध्येच घेतले. अली सुशिक्षित सांग-वूला आधी ‘साहेब’ या अर्थाच्या शब्दाने हाक मारतो, मग त्याच्याच सांगण्यावरून ‘दादा’ म्हणू लागतो. हरत आलेला सांग-वू त्याच्या गोट्या सुरक्षित राहाव्यात म्हणून पिशवी करून त्याच्या गळ्यात बांधतो आणि तिच्यात गोट्यांऐवजी खडे भरतो. ऊसतोड कुटुंबातून आलेला एक विद्यार्थी म्हणाला, की उचल देणारा मुकादमही पहिल्या दिवशी पाठीवर हात ठेवूनच बोलतो.

सांग-वूचा तिरस्कार आणि गी-हुनची कीव, असा वर्गाचा जवळजवळ एकमुखी कौल होता. पण कृती म्हणून या दोहोंत भेद कोठे आहे? एकाने विश्वासाचा लाभ घेतला, दुसऱ्याने विस्मरणाचा. कॅमेरा गी-हुनच्या चेहऱ्याजवळ राहतो, त्याची लाज आपल्याला दाखवतो, म्हणून आपण त्याच्या बाजूने मुठीतील गोट्या मोजू लागतो. १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, स्वतःपण न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होणे, असा तिचा मथितार्थ. या प्रसंगी आपली समाधी लागते ती फसवणाऱ्याशी, आणि आपले उरलेले स्वतःपण फसलेल्यासाठी रडत असते. ‘आमचे अश्रू वाया गेले’ या तक्रारीत म्हणूनच एक धोका दडला आहे. म्हातारा मेला नाही, तेव्हा गी-हुनच्या हातून तसे काही वाईट घडलेच नाही, असा निवाडा त्या तक्रारीबरोबर नकळत होऊन जातो. अलीच्या बाबतीत असा निवाडा करण्याची सोय मालिकेने ठेवलेली नाही.

याच भागात तिसरी एक जोडी आहे. जी-योंग आणि से-ब्योक खेळतच नाहीत. मुदत संपत येईपर्यंत बोलत बसतात आणि अखेरच्या एकाच फेकीत जी-योंग हातातली गोटी पायाशी सोडून देते. या भूमिकेसाठी ली यू-मी यांना २०२२ साली एमी पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांनी या जोडीवर केलेल्या प्रेमाचे कारण केवळ त्यागात नसावे. दोघींपैकी कोणीही दुसरीला फसवत नाही. एक मरते, भिडूपण मात्र उरते. म्हाताऱ्याच्या प्रसंगाची ही बरोबर उलट बाजू होय.

प्रेक्षकप्रतिसादाचा अभ्यास करताना पहिले पाहणे भाबडे आणि दुसरे पाहणे जाणते, अशी प्रतवारी लावण्याकडे आपला कल असतो. या भागापुरते तरी ती प्रतवारी टिकत नाही. पुन्हा पाहताना खुणा वेचणाऱ्यांना रचना दिसली. परंतु न्यायाविषयीचा तो प्रश्न, जो म्हाताऱ्याने उघडपणे, पहिल्याच वेळी विचारला होता, त्यांच्यापैकी एकानेही वहीत टिपला नव्हता. उठून आत गेलेल्या प्रेक्षकाने तो ऐकण्याआधीच ओळखला होता.