बंदुकीची गॅरंटी

आमच्या घरी बंदूक आहे असे मुंबईच्या नातेवाइकांना कळले, की माझ्याकडे पाहण्याची त्यांची नजरच बदलते. चौतीस वर्षे कचेरीत हिशेब लिहिलेला, चष्मा लावणारा, जेवणाआधी मधुमेहाची गोळी घेणारा हा गृहस्थ. आणि याच्या कोनाड्यात एकनळी बाराबोर! पोरेसोरे विचारतात, "आजोबा, वाघ मारलात का?" त्यांना काय सांगणार, की या बंदुकीने मी वाघ सोडाच, उंदीरसुद्धा मारलेला नाही. तिचे काम आवाज काढण्याचे.

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगड आहे. किल्ला, दीपगृह, पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट, आणि अलीकडच्या काळात वीजकेंद्राची धुराडी, एवढे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. खाडीकडच्या उतारावर आमची वडिलोपार्जित साठ-पासष्ट हापूसची कलमे आहेत. निवृत्त झाल्यावर मी ती सांभाळायला येऊन राहिलो, आणि पहिल्याच वर्षी कळून चुकले की कलमांचे खरे मालक वानर आहेत. एक कळप सकाळी येतो. एक कैरी खातो आणि दहा चावून टाकतो. फटाके झाले, पत्र्याचे डबे वाजवून झाले, बुजगावण्याला माझा जुना कोटही घालून झाला. त्या कोटाच्या खांद्यावर एक वानर उवा बघत बसलेले मी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा शेतीसंरक्षणाच्या बंदुकीसाठी अर्ज केला.

१९५९ च्या शस्त्र कायद्याखाली असा परवाना मिळतो. वानरावर नेम धरण्याचा हक्क मात्र त्याने मिळत नाही. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि तो यावाच. हवेत बार काढायचा, कळप उठवायचा, एवढेच. चौकश्या, सह्या, शिक्के यांत बरेच महिने गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंदूक घरी आली. सोबत एक गुळगुळीत कार्ड. दुकानदार तोंडाने 'गॅरंटी' म्हणाला, कार्डावर 'वॉरंटी' छापले होते. मुदत एक वर्ष. कारखाना दूर उत्तरेकडचा. त्याचे नाव इथे सांगत नाही. भांडण मिटले आहे.

जानेवारीत दोन बार झकास निघाले. फेब्रुवारीत चाप ओढला तो नुसते 'टक्'. दुसरे काडतूस घातले, पुन्हा 'टक्'. काडतूस काढून पाहिले तर बुडाच्या टोपीवर पिनेचा घाव कसाबसा उमटलेला, कुंकवाची टिकली पुसत आल्यासारखा. बंदुकीची यंत्रणा तशी साधी आहे. चाप ओढला की घोडा सुटतो, पिन टोपीवर आदळते, टोपीतली ठिणगी दारूला मिळते. पिन आखूड असेल किंवा स्प्रिंग मऊ असेल, तर घाव पुरता बसत नाही. मग बार उडत नाही; किंवा याहून वाईट म्हणजे उशिरा उडतो.

तो उशिरा उडालेला बार मी विसरणार नाही. फेब्रुवारीच्याच अखेरीस एका सकाळी चाप ओढला, 'टक्' झाले, आणि आमचा नेपाळी राखणदार "काय झाले, साहेब?" म्हणत समोर यायला निघाला. विकत घेताना एक गोष्ट बजावून सांगितलेली होती: बार उडाला नाही तर नळी निदान अर्धा मिनिट आभाळाकडे धरून ठेवायची, उघडायची नाही. मी त्याला ओरडून मागे सारले. मनात तीन आकडे मोजून होतात न होतात, तोच बार उडाला. वानरे पळाली. राखणदार मटकन खाली बसला. त्याला गावी दोन मुली आहेत. दर रविवारी तो फोनवर त्यांच्याशी बोलतो आणि झाडावर किती आंबे लागले ते मोजून सांगतो. त्या दिवशी दुपारी मला जेवण गेले नाही. संध्याकाळी कारखान्याला पत्र लिहिले आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर्ड टपालाने पोचपावतीसह रवाना केले. (रजिस्टर्ड टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. माझ्यासारख्या पोचपावत्या जपणाऱ्या माणसाला ते गेल्याचे जरा वाईट वाटले.)

उत्तर आले: दोष काडतुसांचा असावा. शिवाय आपली बंदूक रीतसर प्रूफ झालेली आहे, नळीवरचा शिक्का पाहावा. हा प्रूफचा प्रकार मोठा जुना आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ-घर १८१३ चे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा आणि नळी फुटत नाही ना, हे पाहायचे. म्हणजे हा शिक्का नळीच्या पोलादाबद्दल बोलतो. पिनेबद्दल आणि स्प्रिंगबद्दल तो मुका आहे. मुलगी सुदृढ आहे असे डॉक्टरने लिहून दिले, म्हणून तिला स्वयंपाक येतो असे कसे समजायचे? हे मी पत्रात लिहिले नाही. आमच्या मंडळींनी लिहू दिले नाही.

काडतुसांची गोष्ट मात्र तपासण्याजोगी होती. शेजारच्या बागेचे मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांच्याकडेही परवाना आहे, आणि त्यांनी त्याच दुकानातून त्याच लॉटची काडतुसे घेतली होती. त्यांनी आपल्या बागेत पाच बार काढले, पाचही निघाले. मी माझ्या बागेत पाच वेळा चाप ओढला, दोनच निघाले. टपालातून स्फोटक वस्तू पाठवता येत नाही, म्हणून न उडालेल्या काडतुसांचे बुडाकडून फोटो काढले आणि अण्णांच्या काडतुसांवरचे खोल घाव शेजारी ठेवून दाखवले. हे फोटो पाकिटात घालतो न घालतो, तोच लोकसभेची निवडणूक जाहीर झाली.

शहरातल्या वाचकांना कल्पना नसेल, पण निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. १६ मार्च २०२४ ला आचारसंहिता लागली. मलाही जमा करायला सांगण्यात आले, मी केली. "माहेरी गेली," असे आमच्या घरात म्हणत. ऐन आंब्याचे एप्रिल-मे तिने माहेरी काढले आणि निकाल लागल्यावर जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर परत आली. त्या वर्षी वानरांनी किती पेट्या खाल्ल्या त्याचा हिशेब मी, इतकी वर्षे हिशेबनीस असूनही, केला नाही.

जुलैत दुसरे उत्तर आले, आणि ते खरे नामी होते. शस्त्र कारखान्यात आणून दाखवावे, आणण्या-नेण्याचा खर्च ग्राहकाचा, तपासणीअंती दोष आढळल्यास विनामूल्य दुरुस्ती. वाचायला किती रास्त! पण माझ्या परवान्यावर हद्द लिहिलेली आहे: रत्नागिरी तालुका. त्या हद्दीबाहेर परवानगीवाचून बंदूक घेऊन गेलो, तर गॅरंटी मिळण्याआधी कोठडी मिळायची. पोस्ट घेत नाही, कुरिअरवाला नाव ऐकूनच हात मागे घेतो. पंखा असता तर गोणपाटात गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकला असता. ज्याला वस्तू जागची हलवता येत नाही अशाच माणसाला ती विकायची, आणि मग घेऊन या म्हणायचे! हे कारखान्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका विकण्याचा तर त्यांचा धंदाच आहे.

मी परवान्याची नक्कल जोडून तसे कळवले. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदूक पुन्हा माहेरी. नोव्हेंबरअखेर घरी. डिसेंबरात कारखान्याचे चार ओळींचे पत्र: वॉरंटीची मुदत संपुष्टात आली असल्याने दिलगीर आहोत.

यानंतर मी रत्नागिरीला जाऊन ग्राहक चळवळीतल्या एका कार्यकर्त्यांना गाठले. १९७४-७५ च्या सुमारास पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबईच्या पंचायतीत सुधीर फडके होते. त्या पिढीचे वळण लागलेले हे गृहस्थ. पंख्याखाली बसून त्यांनी माझी सगळी फाईल वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या पत्राची पोचपावती आहे?" ती होती. बिस्किटांच्या डब्यात, विजेच्या बिलांखाली. तारीख फेब्रुवारी २०२४. "मग मुदतीचा प्रश्न येतोच कुठे? तक्रार मुदतीत केलेली आहे. उत्तरे द्यायला वर्ष त्यांनी लावले." ठाण्यात बंदूक जमा केल्याच्या पावत्याही त्यांनी ठेवून घेतल्या.

नोटीस गेली आणि आता वकिलाचे उत्तर आले. आंब्याची बाग हा व्यापार आहे, सबब आपण ग्राहकच नव्हे! शिवाय वाद फक्त कारखान्याच्या गावच्या कोर्टात चालेल. मी घाबरलो, ते गृहस्थ मात्र खूश झाले. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच, हे कायद्यातच लिहिले आहे. आणि बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ सालीच सांगितले. आणि गावाचे म्हणाल, तर १९८६ च्या जुन्या कायद्यात आपल्याला विरुद्ध पक्षाच्या मागे जावे लागले असते किंवा तक्रारीचे कारण इथेच घडले हे दाखवावे लागले असते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला, तेव्हापासून ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीही नाही. हे सगळे त्यांनी दीड पानात बसवले, तक्रारीचा मसुदा सोबत जोडला आणि पंधरा दिवसांची मुदत दिली.

तेराव्या दिवशी पत्र आले. 'ग्राहकसंबंध जपण्याच्या दृष्टीने, अपवाद म्हणून' कारखान्याचा घाटावरचा परवानाधारक विक्रेता बंदूक ताब्यात घेईल, खर्च कारखान्याचा. दिलगिरीचा शब्द नव्हता. मला तो नकोही होता. वाहतुकीच्या परवानग्या, नेणे-आणणे यांत पावसाळा उलटला, आणि २०२५ च्या दिवाळीआधी बंदूक घरी आली. सोबत चिठ्ठी: पिन बदलली, स्प्रिंग बदलली. दोष नव्हता म्हणणाऱ्यांनी बदलले काय, तर नेमके तेवढेच. आणि एक नवे कार्ड, आणखी एका वर्षाचे.

नुकसानभरपाई मागा, असा त्या गृहस्थांचा आग्रह होता. पण वानरांनी किती खाल्ले, आणि बंदूक चालली असती तर किती कमी खाल्ले असते, हे सिद्ध करायला साक्षीदार म्हणून वानरच बोलवावे लागले असते.

पुढे कैऱ्या धरू लागल्या तेव्हा एका सकाळी कळप आला. राखणदार माझ्या मागे दहा पावले उभा राहिला. आता तो तिथेच उभा राहतो. मी नळी आभाळाकडे धरून चाप ओढला. असा खणखणीत बार, की खाडीपलीकडून त्याचा पडसाद आला. सगळा कळप उठला आणि गडग्यावरून अण्णांच्या काजूत शिरला. पाच मिनिटांनी तिकडून अण्णांचा बार ऐकू आला, आणि वानरे परत आमच्याकडे यायला लागली. मी दुसरे काडतूस घातले.