एवढासा डबा, आठ वर्षांची तयारी

बाहेरगावच्या लग्नाला चार बिऱ्हाडं एका गाडीतून निघाली, की सामान बांधणारीची खरी परीक्षा. एकीची लोणच्याची बरणी पाझरली, की चौघींच्या पैठण्या गेल्याच! आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. उपग्रह पाठवणाऱ्यांना मात्र ते नियम करून लिहावं लागलं.

पूर्वी प्रत्येक उपग्रहाचा आकार निराळा, म्हणून तो रॉकेटवर बसवायची तऱ्हाही निराळी. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी आधी डबाच ठरवून टाकला: लांबी, रुंदी, उंची १० सेंटिमीटर. असे डबे एका पेटीत सरकवायचे. वर गेल्यावर झाकण उघडतं नि आतली स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते. पेटीत असेपर्यंत उपग्रह बंदच हवा. रॉकेटवाल्यांनी फक्त पेटी बसवायची.

आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी याच मापाचा ‘स्वयम्’ केला. वजन जेमतेम १ किलो. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटानं एकाच फेरीत २० उपग्रह नेले, त्यांत हाही होता. काम सुरू झालं होतं २००८ साली! सुरुवात करणारी मुलं पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली असतील.

मी वर्ध्याला अर्धवेळ शिकवते. आठवीच्या मुलींकडून त्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करून घेतला. बॅटरी, रेडिओ, अँटेना, सगळं यातच बसवायचं, असं सांगितलं. देवळीकडून येणारी एक धीट मुलगी म्हणाली, “मॅडम, एवढ्याशा डब्याले आठ वर्सं कायले लागले जी?”

लागणारच. रॉकेटाचे हादरे, ऊन-थंडी, हवा नसणं, सगळं आधी जमिनीवरच तपासायचं. वर स्क्रू ढिला झाला तर कसायला कोण जाणार? रॉकेटापाशी काम आटोपशीर झालं, ते घरची तयारी वाढली म्हणून. आमच्याकडेही ‘अर्ध्या तासात स्वयंपाक केला’ म्हणतात. आदल्या रात्रीचं निवडणं-भिजवणं त्यात कुणी धरत नाही.

‘स्वयम्’ची दिशा राखायला मोटार नव्हती, चुंबक होता, होकायंत्रातल्या सुईसारखा. हे ऐकून त्या मुलीनं प्रयोगशाळेतलं होकायंत्र मागून घेतलं. तिच्या घरी ‘दहावी झाली की पुरे’ असं चाललंय. शनिवारी तिची आई शाळेत येणार आहे. पुठ्ठ्याचा डबा मी कपाटातून काढून ठेवलाय.