दोषांसह विकणे आहे

जुनी वस्तू विकणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन भाषा असतात. गिऱ्हाइकाला तो सांगतो, "वस्तू अगदी नव्यासारखी आहे", आणि घरी परतल्यावर म्हणतो, "गेली एकदाची!" या दोन वाक्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढीच त्या व्यवहारातील लबाडी, असे समजावयास हरकत नाही. घोडा, गाय, घर आणि मोटार यांच्या विक्रीत ही लबाडी विशेष फोफावते. कारण या चारहींचे खरे दुखणे घेणाऱ्याला पहिल्या दिवशी कळत नाही, पहिल्या पावसाळ्यात कळते. मागील वर्षी आमच्या अंबाजोगाईच्या घरातील एक जुनी मोटार विकण्याचा प्रसंग आला, आणि या दोन भाषांपैकी कोणती बोलावयाची, याचा निर्णय घरातील सर्वांना मिळून करावा लागला.

ही मोटार म्हणजे नेहमीची चार दारांची, संसारी मोटार नव्हे. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन म्हणून गाव आहे. तेथील एम. जी. कारखान्याने १९४५ ते १९४९ या काळात 'टी. सी.' नावाच्या दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारी सुमारे १०,००० बांधल्या. एंजिन १२५० सी. सी.चे, शक्ती ५४ घोड्यांची, तारांची उंच व सडपातळ चाके, बॉनेटवर आडवी पाडता येणारी पुढची काच, आणि पत्र्याच्या आत ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा. स्टिअरिंग सर्वच गाड्यांना उजवीकडे असल्यामुळे आपल्या रस्त्यांवर त्यांची कधी अडचण झाली नाही. आमची गाडी १९४८ सालची. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाची सत्ता संपून आमचा बीड जिल्हा मोकळा झाला. त्यामुळे काका तिला थट्टेने 'मुक्तिसंग्रामातली' म्हणत, जरी तिने संग्राम पाहिला तो मुंबईच्या रहदारीचाच.

काका वकील होते. त्यांनी १९६६ साली मुंबईतील एका गृहस्थाकडून ती जुनी म्हणून घेतली आणि अहमदनगरमार्गे स्वतः चालवीत घरी आणली. त्या वेळी घरात एकोणीस माणसे होती. आजीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "एकोणीस जणांच्या घराला दोन जणांची गाडी?" या प्रश्नाला काकांपाशी अखेरपर्यंत उत्तर नव्हते. तथापि त्यांनी तिला शोभेची वस्तू केले नाही. जिल्हा न्यायालयाची तारीख असली की केज, नेकनूर, मांजरसुंब्याचा घाट असा सुमारे ९० किलोमीटरांचा रस्ता तोडून ती बीडला जाई. योगेश्वरीच्या दर्शनाला कोकणातून येणारी कुटुंबे आमच्याकडे उतरत; त्यांतील म्हाताऱ्या माणसांना परळी वैजनाथच्या स्थानकावरून आणण्याचे कामही तिच्याकडेच असे, आणि बाकीची मंडळी एस. टी.ने मागून येत. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती अशी राबली. राबलेल्या वस्तूला जे तेज येते ते पॉलिशचे नसते, हे तिच्याकडे पाहून कळे.

अशी गाडी चालू ठेवणे हा एक स्वतंत्र प्रपंच आहे. हिच्या एंजिनाच्या बोल्टांना आटे मेट्रिक मापाचे आणि डोकी व्हिटवर्थ मापाची. मॉरिस कंपनीने १९२३ साली कोव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच मंडळींचा एंजिन-कारखाना घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची राहिली, पण कामगारांच्या हातातील पाने इंग्रजी होते. त्या तडजोडीतून हे बोल्ट जन्मले. माहेर आणि सासर दोन्ही सांभाळणाऱ्या सुनेप्रमाणे त्यांना फार जपून वागवावे लागते. आमच्या मिस्त्रीचाचांचा हात ट्रक आणि ॲम्बॅसेडर यांच्यावर बसलेला; त्यांनी हे कोडे सोडविले आणि त्या पान्यांचा वेगळा संच एका जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवला. पुढे २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका टणक धातूच्या बसविल्या. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले; ते जुन्या रबराला खाते म्हणून इंधनाच्या नळ्या बदलल्या. आणि मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आतला सांगाडा आकसून डाव्या दाराचा खांब जेव्हा पार खिळखिळा झाला, तेव्हा गावातील बैलगाड्या करणाऱ्या सुताराने सागवानाचा नवा खांब इतका बेमालूम बसविला, की दार नव्याहूनही मऊ लागू लागले. हा सागवानी खांब पुढे आम्हा सर्वांची परीक्षा पाहणार होता.

काका गेल्यावर गाडी पडवीत उभी राहिली. मिस्त्रीचाचा दर पंधरा दिवसांनी येत, एंजिन चालू करीत, आणि काकूंच्या हातचा चहा घेऊन जात. परंतु त्यांचेही वय झाले. हात थरथरू लागले. आम्ही पुतणे पुण्यात आणि त्याही पलीकडे पांगलेलो. इकडे वाड्याच्या माळवदाला गळती लागून दोन खोल्या पावसाळ्यात निकामी होऊ लागल्या. काकूंनीच एके दिवशी विषय काढला, "गाडी विका आणि माळवद करून घ्या. उभी राहून ती मरेल, आणि गळून घर मरेल."

अशा प्रसंगी मुलीला सासरी पाठविण्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. मला ती पटत नाही. मुलीची आपण किंमत घेत नाही, आणि तिचे दोष लपविले तरी ते पुढे तिचे तिलाच निस्तरता येतात. मोटार मुकी आहे. तिच्याविषयी विकणारा जे सांगेल तेवढेच तिचे चरित्र.

म्हणून आम्ही यादी करावयास बसलो. काकांनी कधी वही ठेवली नव्हती. गाडीचे ज्ञान दोन डोक्यांत होते, एक मिस्त्रीचाचांचे आणि दुसरे, आम्हाला आश्चर्य वाटले, काकूंचे. काकूंनी ती गाडी कधी चालविली नव्हती. पण चाळीस वर्षे तिचा आवाज स्वयंपाकघरात ऐकला होता. किल्ली फिरवली की तिचा पेट्रोलचा विजेचा पंप टिकटिक करू लागतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की आपोआप गप्प होतो. "टिकटिक थांबली नाही, की मी चहाचे आधण पुन्हा ठेवी," काकू म्हणाल्या; "कारण कोठेतरी गळत असावयाचे, आणि हे अर्धा तास काही निघावयाचे नाहीत." चाचा सांगत गेले, काकू भर घालीत गेल्या, मी लिहीत गेलो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नये. स्टिअरिंगला दोन बोटे मोकळीक आहे. काढून टाकण्याच्या नादी लागल्यास ते जड होते. टाकीला काटा नाही. मापाला वेळूची काठी आसनामागे आहे. एंजिन मागील बाजूने थेंब थेंब तेल गाळते. गाळावयाचे थांबले तर आनंद मानू नये, तेल संपले आहे असे समजावे. डाव्या दाराचा खांब मूळचा नाही, सागवानी आहे. असे एकंदर एकतीस दोष झाले.

पुढे दोन गिऱ्हाइके आली. पहिले मोठे संग्राहक. त्यांच्या वतीने एक सभ्य गृहस्थ मुंबईहून आले. दुसरे लातूरचे तरुण डॉक्टर. संग्राहकांची किंमत डॉक्टरांपेक्षा तीन लाखांनी अधिक होती, आणि तीन लाखांत माळवदाचे उरलेले काम होत होते. डॉक्टरांनी यादी वाचली, दिवसभर चाचांच्या शेजारी गाडीखाली पालथे पडून राहिले, आणि सायंकाळी तेलाने माखलेल्या हातांनी म्हणाले, "किंमत मी आधी सांगितली तीच. माझी ऐपत तेवढीच आहे." मुंबईच्या गृहस्थांनीही यादी वाचली. त्यांनीही किंमत कमी केली नाही. त्यांनी फक्त एक छापील कागद पुढे केला. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे, सांगाड्यात कोणताही बदल झालेला नाही, असा त्यात मजकूर होता. खाली काकूंची सही हवी होती.

यामागील कारण वाचकांना कळावे म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात 'व्ही. ए.' ही अक्षरे येतात, आणि ती नोंदणी १० वर्षे टिकते. अशी गाडी मग रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. इंग्रज शौकीन 'व्हिंटेज' हा शब्द १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच लावतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबी आमची गाडी त्या पंक्तीत बसत नाही. आमच्या कायद्याने ती बसते. आणि संग्राहकांच्या जगात 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांना सोन्याचा भाव आहे.

त्या रात्री घरात जी चर्चा झाली ती काकांच्या एखाद्या दाव्याला शोभावी अशी होती. माझे थोरले बंधू व्यवहारी आहेत, आणि त्यांचे म्हणणे पोरकट नव्हते. ते म्हणाले, "घेणाऱ्याला खांब ठाऊक आहे. यादी त्याने वाचली आहे. मग फसवणूक कोणाची? ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला कोणी फसवू शकत नाही. शिवाय एक खांब म्हणजे काही मोठा फेरफार नव्हे." वहिनी गळक्या खोलीकडे पाहून म्हणाल्या, "एका लाकडासाठी तीन लाख?" मलाही क्षणभर या युक्तिवादातील छिद्र सापडेना.

ते काकूंना सापडले. त्या म्हणाल्या, "खांब मोठा की लहान, ते कायद्याने पाहावे. कागदावर 'कोणताही बदल नाही' असे आहे, आणि बदल आहे. हे गृहस्थ फसणार नाहीत, खरे. म्हणूनच त्यांना माझी सही हवी आहे. कागद गाडीबरोबर पुढे जाईल. यांच्यानंतर जो घेईल तो यादी पाहणार नाही, सही पाहील." नंतर थोडे थांबून म्हणाल्या, "आणि त्या सुताराने इतके चांगले काम केले, ते झालेच नाही असे मी लिहून द्यावे?"

यावर थोरले बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून कपाटातून वारसाच्या नावे गाडी करण्याचा नमुना ३१ आणि विक्रीचे नमुने २९ व ३० घेऊन आले, आणि डॉक्टरांचे पूर्ण नाव काय म्हणून त्यांनी मला विचारले.

व्यवहार झाला. चाचांनी धोतराच्या तुकड्यात बांधलेले पाने डॉक्टरांच्या हाती दिले आणि महिन्यातून एकदा गाडी इकडे आणण्याचे वचन घेतले. ते वचन त्यांनी आजवर पाळले आहे. माळवदाचे काम मात्र अर्धेच झाले. पश्चिमेच्या खोलीवर आम्ही पत्रे टाकले. पाऊस आला की त्यांचा आवाज होतो आणि झोपमोड होते. त्याची तक्रार घरात कोणी करीत नाही असे नाही. सचोटी म्हणजे बिनखर्चाची गोष्ट आहे असे लहानपणी पाठ्यपुस्तकांतून आम्हाला वाटे. तिला पत्र्यांचा खर्च येतो, हे आता ठाऊक झाले आहे. तरी एक लाभ अनपेक्षित झाला. यादीच्या निमित्ताने दोन म्हाताऱ्या डोक्यांतील चाळीस वर्षांचे ज्ञान प्रथमच कागदावर उतरले. आपल्या एकत्र कुटुंबांत असे किती ज्ञान अमुक एका कानात, तमुक एका हातात राहून त्यांच्याबरोबरच निघून जाते, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

यादीची एक प्रत आम्ही घरी ठेवली आहे. डॉक्टरांना मूळ प्रत देण्यापूर्वी काकूंनी ती मागून घेतली आणि एकतीस दोषांच्या खाली स्वतःच्या अक्षरात बत्तिसावे कलम लिहिले: "पंपाची टिकटिक थांबेपर्यंत निघू नये. थांबली नाही, तर चहा करावा."