परतीची हवा

मे महिन्यात आमच्या मालवणात पाहुण्यांची झुंबड उडते. किल्ला पाहून झाला, की सगळ्यांना समुद्राच्या पोटातले मासे नि प्रवाळ पाहायचे असतात. पाठीवर टाकी चढवताना हमखास प्रश्न येतो, "यात ऑक्सिजन किती आहे हो?" माझा चुलतभाऊ, आम्हा सर्वांचा दादा, पाणबुड्यांच्या होडीवर काम करतो. तो हसून सांगतो, "ऑक्सिजन नव्हे, साधी हवाच. फक्त दाबून भरलेली." शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरच्या खाली विषासारखा बाधू शकतो, हे ऐकून पाहुणे चकित होतात.

हवा साधी, पण तिचा हिशेब साधा नाही. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागली, तर पाण्यावर ती दोन तास पुरेल. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून एकच तास. घाबरलेला माणूस ती त्याहून लवकर संपवतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा सकाळी टाक्या तपासत होता. झडप किंचित उघडून तो हवा हुंगून पाही. एका टाकीतून धुराचा वास आला. हवा भरणारा कंप्रेसर इंजिनाजवळ ठेवलेला होता. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो आणि पाण्याखाली दाबामुळे त्याचा घात वाढतो. दादाने त्या दिवशी भरलेल्या साऱ्याच टाक्या बाजूला काढल्या. मालक भडकला. "तुझ्या जागेवर दहा पोरं उभी आहेत," म्हणाला. दादा निमूट घरी आला.

ऐन हंगामात आठ दिवस तो घरी बसून होता. माझ्या कॉलेजची फी त्याच्याच कमाईतून जायची होती. खरं सांगते, मला त्याचा रागच आला होता. ओट्यावर जाळं शिवणारे आजोबा मात्र एवढंच म्हणाले, "जावक सगळ्यांका येता, परत येवचो हिशोब आधी करूचो लागता."

त्या रिकाम्या दिवसांत दादाने मला गुहेत शिरणाऱ्या पाणबुड्यांविषयी सांगितलं. आपल्या समुद्रात डोक्यावर आभाळ असतं; गुहेत डोक्यावर खडक. तिथे घाबरून वर येता येत नाही. म्हणून त्यांचा नियम तिसऱ्या हिश्शाचा. एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला आणि एक राखीव. सोबत्याची टाकी आतच निकामी झाली, तर दोघांनी एकाच्या हवेवर बाहेर यायचं, त्यासाठी तो राखीव. परतीच्या वाटेसाठी दोरी, श्वास घेण्याचे यंत्र दुहेरी, विजेऱ्या तीन.

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. सारे तेरा जण सुखरूप बाहेर आले. पण त्याआधी, ६ जुलै रोजी, नौदलाचे माजी पाणबुडे समान गुनान हवेच्या टाक्या आत पोचवून परतताना गेले. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि दादाकडे पाहिलं. तो अंगणात आपला दाबमापक पुसत होता. माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

पुढे त्याला दुसऱ्या होडीवर काम मिळालं. फी जरा उशिरा भरली गेली, इतकंच. गेल्या हिवाळ्यात मी प्रथमच त्याच्यासोबत पाण्यात उतरले. खडकाआडून पिवळ्या माशांचा थवा निघाला होता. मला त्यांच्या मागे जायचं होतं. दादाने माझा दाबमापक पाहिला आणि अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चल'. टाकीत हवा अजून बरीच होती. तरी मी मासे तिथेच सोडले आणि मुकाट्याने वर आले.