सासूबाईंच्या पावलांनी ऊटी

सहा वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे महाबळेश्वरला गेलो होतो. दोन दिवस आणि अकरा पॉइंट! सकाळी निघायचे, गाडीतून उतरायचे, धावत कठड्यापर्यंत जायचे, फोटो काढायचे की पुन्हा गाडीत. माझ्या सासऱ्यांना दम लागायचा. प्रत्येक ठिकाणी मामंजी म्हणायचे, ‘‘तुम्ही बघून या, मी बसतो गाडीत.’’ आम्हीही ‘‘बरं’’ म्हणून जायचो. पुढच्या वर्षी मामंजी गेले. दिवसकार्य झाल्यावर फोटो काढून बसलो, तर महाबळेश्वरच्या शंभरेक फोटोंत त्यांचा एकही फोटो नव्हता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात ऊटीचा बेत ठरला आणि ह्यांनी चौदा ठिकाणांची यादी टेबलावर ठेवली, तेव्हा मी ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाल्या, ‘‘मला आगगाडीत बसायचंय. आणि एक बाग दाखवा. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.’’ चौदातली पाच ठिकाणे उरली. वाचकहो, आमची आजवरची सगळ्यांत चांगली सहल ती हीच.

बेळगावहून रात्रीच्या रेल्वेने निघालो की सकाळी मैसूर. तिथून ऊटीला टॅक्सीने साधारण चार-पाच तास लागतात. रस्ता नंजनगूड, गुंडलुपेट करत बंदीपूरच्या आणि पुढे मुदुमलाईच्या जंगलातून जातो. या जंगलात रात्री नऊ ते सकाळी सहा खाजगी वाहनांना बंदी आहे, त्यामुळे मैसूरहून दुपारच्या आत निघालेले बरे. तेप्पकाडूला दोन फाटे फुटतात. मसिनगुडीवरून जाणारा कल्हट्टी घाट जवळचा, पण छत्तीस वळणांचा आणि भलताच उभा. आम्ही गुडलूरचा लांबचा रस्ता धरला. वेळ जास्त लागला, पण सासूबाईंना घाट लागला नाही. शिवाय पायकाराचा धबधबा आणि जलाशय याच रस्त्यावर, ऊटीच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस मोडावा लागत नाही. आम्ही ते परतीच्या वाटेवर पाहिले.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. 2024 च्या मे महिन्यापासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने निलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो. तो संगणकावर किंवा मोबाइलवर काढता येतो. नियम हंगामानुसार बदलतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यात एकदा पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे तिथे एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात. घरच्या स्टीलच्या बाटल्या न्याव्यात.

ऊटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंचीवर आहे. बेळगावच्या जवळजवळ तिप्पट! पहिल्या दिवशी तिथे पोचल्यावर म्हाताऱ्या माणसाने काहीही पाहू नये, असे आता माझे स्पष्ट मत आहे. चढावर दम लागतो, थंडीने गुडघे आखडतात. आम्ही निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घेतले होते. हॉटेलही तळमजल्यावरच्या खोल्या आहेत का, हे विचारूनच ठरवले होते. पोचलो त्या दुपारी सासूबाई दोन रजया घेऊन झोपल्या आणि आम्ही खिडकीत बसून चहा घेतला. ह्यांची थोडी चुळबुळ झाली, पण संध्याकाळपर्यंत तीही थांबली.

दुसरा दिवस आगगाडीचा. निलगिरीची ही मीटरगेज रेल्वे मेट्टुपाळयम ते ऊटी अशी 46 किलोमीटरची. 1908 साली ती ऊटीपर्यंत पोचली आणि 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. खालच्या टप्प्यात, कल्लारपासून कुन्नूरपर्यंत, चढ इतका तीव्र की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. इंजिनाचे दातेरी चाक त्या पट्टीत अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. इंजिन डब्यांच्या मागून ढकलत वर चढते. हा संपूर्ण प्रवास करायचा तर कोइमतूरच्या बाजूने जाऊन सकाळची मेट्टुपाळयमची गाडी धरावी लागते आणि त्यात बरेच तास जातात. आमच्यासारख्या मैसूरकडून जाणाऱ्यांनी ऊटी ते कुन्नूर एवढाच टप्पा करावा. एका तासाच्या आसपास लागते. मात्र तिकिटे आधी काढावीत, आयत्या वेळी जागा मिळणे कठीण.

लव्हडेल, केत्ती, अरुवंकाडू, वेलिंग्टन अशी छोटी छोटी स्टेशने लागतात. केत्तीला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी सांगितले, ‘‘आई, ‘सदमा’चा शेवट इथलाच.’’ 1983 चा तो सिनेमा सासूबाईंनी मामंजींबरोबर थिएटरात पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत, फलाटाकडे बघत राहिल्या. गाडी हलल्यावर म्हणाल्या, ‘‘ह्यांना ही गाडी आवडली असती.’’

कुन्नूर ऊटीपेक्षा चारेकशे मीटर खाली आणि त्यामानाने उबदार. सांधे दुखणाऱ्यांना तिथे बरे वाटते. तिथून टॅक्सी करून लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज पाहिले. दोन्ही एकाच रस्त्यावर, दोन्हीकडे चहाचे मळे. डॉल्फिन्स नोजवरून समोर कॅथरीन धबधबा दिसतो. लॅम्ब्स रॉकला थोडे चालावे लागते, तिथे सासूबाई आल्या नाहीत. पण या वेळी त्या गाडीत बसल्या नाहीत. रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसल्या आणि मी त्यांच्याजवळ थांबले.

टपरीवाल्या बाई तमिळमध्ये काही विचारू लागल्या. आम्हाला ओ की ठो कळेना. सासूबाईंना गोळी घ्यायला गरम पाणी हवे होते. त्यांनी आपल्या बाजारातल्या कन्नडमध्ये सांगून टाकले, ‘‘बिसी नीरु कोडी.’’ बाई हसल्या आणि ग्लास भरून गरम पाणी आले. त्या बडग समाजाच्या निघाल्या. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी मैसूरकडून डोंगर चढून आले आणि त्यांची भाषा कन्नडला जवळची. बडग म्हणजेच उत्तरेकडचे. मग दोघींच्या गप्पा रंगल्या. नातवंडे किती, गुडघ्याला काय लावता. आमच्या सीमाभागात भाषेवरून काय काय सोसावे लागते ते आपण सारे जाणतोच. त्या बाकावर मात्र बाजारहाट करताना शिकलेली ती भाषा दोन म्हाताऱ्यांना जवळ आणत होती. बाईंनी गुडघ्याला लावायला निलगिरीचे तेल सांगितले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ते तर आमच्या घरी कायम असतं!’’

गंमत पाहा. ज्या झाडाला आपण मराठीत निलगिरी म्हणतो ते मूळचे निलगिरीचे नाहीच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आणून ते इथे लावले. इथली मूळची जंगले शोलाची. दऱ्यांच्या पोटात वाढणारी, बुटक्या झाडांची, आणि त्यांच्या सभोवती गवताचे माळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोड्डबेट्टा. 2637 मीटर, तमिळनाडूतले सर्वांत उंच शिखर. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी हे ठिकाण गाळू नये. मात्र सकाळी लवकर जावे, उशीर केला तर बरेचदा धुके मिळते. नाव ऐकल्याबरोबर सासूबाईंनी अर्थ सांगितला, ‘‘दोड्ड म्हणजे मोठा, बेट्ट म्हणजे डोंगर. त्यात काय!’’

दुपारपासून संध्याकाळपर्यंत फक्त बाग. सरकारी वनस्पती उद्यान 1848 पासूनचे. आत दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचे दगड झालेले खोड ठेवले आहे. सासूबाई उन्हात बाकावर बसल्या, शेंगा खाल्ल्या, माणसे बघितली. मी शेजारच्या दुकानातून तोडा बायकांच्या भरतकामाची शाल घेतली. पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळे टाके. ह्यांनी यादीतले एकही राहिलेले ठिकाण काढले नाही.

चौथ्या दिवशी पायकारा पाहून मैसूर आणि रात्रीची गाडी.

चार दिवसांत पाहिली ती पाच ठिकाणे. पण घरी येऊन फोटो पाहिले तर जवळजवळ प्रत्येक फोटोत सासूबाई आहेत. गाडीच्या खिडकीत, टपरीच्या बाकावर, बागेत. केत्तीचा फोटो मोठा करून आम्ही मामंजींच्या फोटोशेजारी लावला आहे.

सुट्टीचा बेत कराल तेव्हा यादी जरूर करा. फक्त ती घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या हातात आधी द्या.