बोटं किती वाजता मोकळी होतात?

रिपोर्ट चांगले आले की घरातलं वातावरण हलकं होतं. लघवीतून प्रोटीन जात नाही, क्रिएटिनिन जागेवर आहे, हिमोग्लोबिन बरं आहे. आई देवापुढे साखर ठेवते. मलाही आनंद होतो. पण त्याच संध्याकाळी कुकरचं झाकण लावताना मनगटातून जी कळ जाते, तिची नोंद त्या कागदावर कुठेच नसते. ल्युपससोबत जगायचं म्हणजे तो कागद आणि आपलं अंग यांच्या मधल्या जागेत जगायचं.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. आज त्वचा, उद्या सांधे, कधी मूत्रपिंडं. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, आणि आजार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. तरुण मुलीचं दुखणं आपल्याकडे किती सहज बाजूला सारलं जातं! मला आधी अशक्तपणा सांगितला गेला, मग टेन्शन, मग ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’. उन्हातून आले की गाल पेटायचे, केस मूठमूठ गळायचे, संध्याकाळी बारीक ताप, तोंडात फोड. प्रत्येक तक्रार वेगवेगळ्या दवाखान्यांत गेली. सगळ्या एकत्र कुणी ऐकल्याच नाहीत.

आणि ल्युपस तर एकत्र ऐकल्याशिवाय सापडत नाही. तो एका तपासणीने ठरत नाही. एएनए ही रक्ततपासणी जवळजवळ सगळ्या ल्युपस रुग्णांमध्ये पॉझिटिव्ह येते, पण धडधाकट माणसांमध्येही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ऊन, ताप, फोड, सांधे, रक्त, लघवी असं सगळं शेजारी शेजारी मांडल्यावरच आजार ओळखू येतो. रुग्णाचं ऐकून घेणं मी म्हणूनच वैद्यकाचा गाभा मानते. त्याला नुसता चांगुलपणा म्हटलं, तर त्यातलं कसब दिसेनासं होतं.

हे मला एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी शिकवलं. त्यांनी फाइल उघडण्याआधी माझा हात हातात घेतला, एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, “सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला तुला किती वेळ लागतो?” मी म्हटलं, “मॅडम, सहाला उठते, पण वेणी घालता येईपर्यंत आठ वाजतात.” त्यांनी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. सुजेमुळे आखडलेले सांधे सकाळी बराच वेळ धरून राहतात आणि हालचालीने हळूहळू सुटतात. झिजेचं दुखणं बहुधा कामाबरोबर वाढत जातं. माझ्या वेणीतून त्यांना औषधाची दिशा मिळाली होती.

पुढे कळलं की माझ्या अंगात एकच दुखणं नाही. सांधा सुजून, गरम होऊन दुखतो, तेव्हा ल्युपस जागा झालेला असतो आणि त्याची औषधं वाढवावी लागतात. कधी सूज अजिबात नसते, पण सगळं अंग आंबल्यासारखं होतं, झोपूनही थकवा जात नाही. ते दुखणं फायब्रोमायल्जियाचं. तिथे स्टेरॉइड वाढवून काही साधत नाही. तिथे झोप, रोजचं चालणं, थोडा थोडा वाढवलेला व्यायाम लागतो. आणि जांघेत कळ येऊ लागली तर लगेच सांगायचं, कारण स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीला ते एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. मेडिकलमधून मनाने आणलेली पेनकिलरसुद्धा मूत्रपिंडांना महागात पडू शकते. दुखणं नीट ओळखलं तरच त्यावरचा उपाय नीट निघतो.

मी रोज घेते ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली. 1951 साली डॉ. पेज यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की मेपाक्रिन या मलेरियाच्या औषधाने ल्युपसचं पुरळ कमी होतं. औषध त्वचेसाठी दिलं होतं. काही रुग्णांचे दुखरे सांधेही सुधारले, तेही त्यांनी नोंदवून ठेवलं. त्या गोळीसाठी मी ठरल्या वेळी डोळ्यांचा पडदा तपासून घेते. आणि डॉ. पेज यांच्यासारख्या, रुग्णाच्या सांगण्याकडे लक्ष देणाऱ्या सगळ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता माझी एक वही आहे. तिच्यात मी ‘खूप दुखलं’ असं लिहीत नाही. भाकरी थापता आली का, कपडे घट्ट पिळता आले का, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागलं, हे लिहिते. बरं वाटतं त्या दिवशी सगळी कामं उरकायचा मोह आवरते, कारण त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होते. मेमध्ये पूर्ण बाह्या, छत्री, सनस्क्रीन. थंडीत पांढऱ्यानिळ्या पडणाऱ्या बोटांना हातमोजे.

जिला हा आजार नुकताच सांगितला गेला असेल, तिला माझं कळकळीचं सांगणं आहे. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस. दुखणं कामाच्या भाषेत सांग, सोबत कुणाला तरी ने. आणि तुझं बोलणं पुरं होण्याआधी कुणी चिठ्ठी लिहायला घेतली, तर दुसरा डॉक्टर शोधायला संकोच करू नकोस. दुखण्यातून पूर्ण सुटका कदाचित होणार नाही. पण ते खरं आहे हे मानणारा डॉक्टर भेटला, की ते सिद्ध करण्यात जाणारी शक्ती उरते. तेवढी शक्ती आपल्याला जगायला हवी असते, आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.